काळ्या पडद्याची साक्ष

संगणक दुरुस्तीच्या दुकानात यंत्र जमा करून घेताना जी पावती फाडली जाते, तिच्यावर तक्रारीच्या रकान्यात पुष्कळदा दोनच शब्द लिहिलेले असतात : ‘नो डिस्प्ले’. वीज गेली, काही वेळाने आली, बटण दाबल्यावर आतले पंखे फिरू लागले, पेटीवरचा बारीक दिवाही लागला, परंतु मॉनिटरवर काहीच उमटले नाही, अशा अवस्थेला दिलेले हे नाव आहे. हे नाव रोगाचे नाही, लक्षणाचे आहे. आणि लक्षण तरी कसले, तर काही दिसत नाही, एवढेच. जे दिसत नाही त्यावरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हा प्रश्न भारतीय तर्कपरंपरेला फार पूर्वीपासून पडलेला आहे, आणि संगणक दुरुस्त करणाऱ्याला तो रोज सकाळी दुकान उघडल्यापासून पडतो.

भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी ‘अनुपलब्धी’, म्हणजे न आढळणे, हे ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन मानले आहे. जमिनीवर घट दिसत नाही म्हणून तेथे घट नाही, हे ज्ञान अनुपलब्धीने होते असा त्यांचा पक्ष. नैयायिकांना ती स्वतंत्र प्रमाण म्हणून मान्य नाही. परंतु एका अटीविषयी या पक्षांत भांडण नाही, आणि येथे तीच अट मोलाची आहे. नुसते न दिसणे पुरेसे नसते. ते ‘योग्य’ असावे लागते, म्हणजे वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती अशी सगळी सामग्री, डोळा, उजेड, अंतर, जागच्या जागी असावी लागते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून घट नाही असे म्हणता येत नाही. काळ्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाची चूक बहुधा येथेच होते. मॉनिटर स्वतः जागा आहे का, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचवणारी केबल धड आहे का, हे न पाहताच तो अंधाऱ्या खोलीतून बाहेर येतो आणि घट फुटल्याचे घरभर सांगतो.

या प्रसंगाचे मूळ विजेच्या जाण्यात शोधले जाते, कारण मराठी बोलीत ‘लाइट गेली’ हीच घटना मानली जाते आणि ‘लाइट आली’ हा सुटकेचा उद्गार असतो. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. पुरवठा खंडित होतो तेव्हा संगणकातला ‘एसएमपीएस’, म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या सौम्य प्रवाहांत रूपांतर करणारा डबा, आपल्या कपॅसिटरांत साठलेल्या भारावर एका सेकंदाचा साठावा हिस्सा कसाबसा तग धरतो आणि थांबतो. जतन न केलेला मजकूर जातो, पण भागांना सहसा इजा होत नाही. इजा होते ती वीज परतताना. वस्तीतले सगळे फ्रिज आणि पाण्याचे पंप एकाच क्षणी सुरू होऊ पाहतात, आणि थांबलेली मोटार सुरू होताना चालू मोटारीच्या कित्येक पट प्रवाह ओढत असल्यामुळे दाब आधी खाली बसतो, मग सावरतो, कधी पुन्हा जातो आणि पुन्हा येतो; प्रत्येक जोडणीच्या क्षणी तारेतून एक क्षणिक उसळी धावते. विजेचा लपंडाव हा शब्द वृत्तपत्रांनी फार वापरून गुळगुळीत केला असला, तरी यंत्राच्या दृष्टीने तो नेमका आहे, कारण एकदा जाऊन चार तासांनी आलेल्या विजेपेक्षा पाच मिनिटांत चार वेळा गेलेली-आलेली वीज अधिक घातक असते.

त्याहूनही वाईट अवस्था न्यूट्रल तुटल्यावर येते. रोहित्रातून, ज्याला गावोगावी ‘डीपी’ म्हणतात, तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा तारा निघतात. कोणतीही एक फेज आणि न्यूट्रल यांत २३० व्होल्टचा दाब असतो, तर कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्टचा. न्यूट्रलची तार वळवाच्या वाऱ्यात तुटली किंवा सांध्यात ढिली झाली, की वेगवेगळ्या फेजवरची घरे नकळत एकमेकांच्या साखळीत अडकतात, आणि मग एका आळीत दिवे मिणमिणतात तर दुसऱ्या आळीत ते फट्कन उडतात. उन्हाळ्याच्या अखेरीस वळीव सुरू झाला की ‘नो डिस्प्ले’च्या पावत्या वाढाव्यात, याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. शहरे यातून सुटलेली आहेत असेही नाही : १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागाचा पुरवठा एकदम बंद पडला, लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि टाळेबंदीच्या त्या वर्षी घरातल्या टेबलावर मांडलेली असंख्य कचेरीची कामे त्याबरोबर थांबली.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘संगणक बंदच होता, मग बिघडला कसा?’ हा प्रश्न दुकानात नेहमी विचारला जातो, आणि विचारणारा प्रामाणिक असतो. परंतु आजचा संगणक शटडाउन केल्यावर पूर्णपणे बंद होत नाही. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्टचा एक बारीक राखीव प्रवाह पुरवत राहतो, कारण पुढचे बटण कोणी दाबले हे ओळखण्यासाठी कोणीतरी जागे असावे लागते. पुढच्या बटणाने वीज तोडली जात नाही. त्याने केवळ विनंती केली जाते. म्हणून परतलेल्या विजेची उसळी झोपलेल्या यंत्रालाही गाठते. अशी उसळी आली, की चांगल्या एसएमपीएसमधली संरक्षक रचना स्वतःहून पुरवठा रोखून धरते, आणि भिंतीकडून येणारी वीज पूर्ण तोडल्याशिवाय ती पकड सोडत नाही. त्यामुळे अशा वेळी करायचा पहिला उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे : प्लग भिंतीतून काढावा, पुढचे बटण वीस-तीस सेकंद दाबून धरावे, म्हणजे कपॅसिटरांत अडकून राहिलेला भार निघून जातो, काही मिनिटे थांबावे आणि मग पुन्हा जोडावे. मेलेली म्हणून उचलून नेलेली पुष्कळ यंत्रे दुकानात पोहोचल्यावर चालू होतात. त्यामागे कोणाचा हातगुण नसतो, वाटेत यंत्र अर्धा तास विजेपासून दूर राहिलेले असते, एवढेच. मात्र एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नये. त्याच्या पहिल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा सरळ दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो.

यानंतर साक्षीदार तपासण्याची पाळी येते. पहिला साक्षीदार मॉनिटर. तो संगणकाचा अवयव नाही, शेजारी आहे. त्याचा वीजपुरवठा वेगळा, त्याची स्मृती वेगळी. वीज गेल्या-आल्याने कित्येकदा त्याची ‘सोर्स’ची निवड बदलते, म्हणजे केबल एचडीएमआयच्या खाचेत असते आणि मॉनिटर व्हीजीएच्या खाचेकडे कान लावून बसलेला असतो. ‘नो सिग्नल’ अशी पाटी त्याने दाखवली, तर तो निदान स्वतः जिवंत असल्याचे सांगतो. काहीच दाखवले नाही, तर प्रथम त्याच्यावरच संशय घ्यावा. ज्या संगणकात वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असते, तेथे केबल त्या कार्डाला न लावता मदरबोर्डच्या खाचेत लावली गेल्यानेही पडदा काळा राहतो, आणि झाडझूड करताना सुटलेली केबल परत लावणाऱ्या हातांकडून हे सहज घडते. दुसरा साक्षीदार कीबोर्ड. त्यावरची कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा लागत-विझत असेल, तर आत प्रोसेसर काम करीत आहे आणि हरवले आहे ते फक्त चित्र. दिवा हलला नाही, तर मात्र त्यावरून ठाम काही सांगता येत नाही. होकार देणारा पुरावा आणि नकार देणारा पुरावा यांचे वजन सारखे नसते, हे या दिव्याइतक्या स्वस्तात दुसरीकडे क्वचितच शिकायला मिळेल.

फिरणाऱ्या पंख्याच्या साक्षीवर लोकांचा सर्वाधिक विश्वास असतो, आणि ती सर्वांत कच्ची साक्ष आहे. पंख्याला १२ व्होल्ट मिळाले की तो फिरतो. प्रोसेसर शुद्धीवर आहे की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. बहुतेक घरांत सगळ्या पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याची रीत आहे. वास्तविक सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, ही मदरबोर्डवर पंख्याखाली दडलेली काडेपेटीएवढी चकती होय. तिची जाग क्रमाक्रमाने येते. एसएमपीएस सगळे दाब स्थिर झाल्यावर, म्हणजे साधारणतः अर्ध्या सेकंदाच्या आत, ‘पॉवर गुड’ नावाचा संकेत मदरबोर्डला देतो आणि तो मिळेपर्यंत प्रोसेसरला जागचे हलू दिले जात नाही. मग प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावरून पहिली आज्ञा उचलतो. तेथून बायोस, म्हणजे मदरबोर्डवर कायम लिहून ठेवलेली प्रारंभीची आज्ञावली, सुरू होते आणि ती ‘पोस्ट’ नावाची आत्मपरीक्षा घेते. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीपासून चालत आलेली ही परीक्षा आहे : स्मृती आहे का, चित्र काढणारा भाग आहे का, कळफलक आहे का. पडद्यावर पहिले अक्षर उमटते ते या परीक्षेतले पुष्कळसे प्रश्न सुटल्यानंतर. म्हणजे पडदा हा फार उशिरा बोलणारा साक्षीदार आहे. त्याच्या मौनाचा अर्थ त्याच्या आधीच्या दहा जणांपैकी कोणीही एक अडखळला असा होऊ शकतो.

पडदा नसताना बोलता यावे म्हणून जुन्या अभियंत्यांनी या परीक्षेला आवाज दिला होता. एक तोकडी शिट्टी म्हणजे सर्व ठीक, एक लांब आणि दोन तोकड्या म्हणजे चित्राच्या भागात दोष, असे संकेत अनेक मदरबोर्डांवर रूढ झाले, जरी प्रत्येक निर्मात्याची लिपी थोडी निराळी राहिली. अलीकडच्या बऱ्याच पेट्यांत तो बारीक स्पीकर बसवलेलाच नसतो, आणि शिट्टी वाजली नाही म्हणून मदरबोर्ड गेला असे सांगणारे लोक भेटतात. ज्याला तोंडच नाही, त्याच्या गप्प राहण्यावरून काय ठरवणार? काही नव्या मदरबोर्डांवर त्याऐवजी प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांसाठी चार सूक्ष्म दिवे दिलेले असतात. पेटीचे झाकण काढून जो दिवा लागून राहिला आहे तो पाहणे, हे तासभराचे तर्क वाचवणारे काम आहे.

रॅम, म्हणजे संगणकाची चालू कामापुरती स्मृती, हा भाग स्वतंत्र विचार मागतो, कारण महाराष्ट्रातल्या दुरुस्तीकामाचा अर्धा अनुभव त्या एका पट्टीभोवती गोळा झालेला आहे. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोन्याचा पातळ मुलामा दिलेले संपर्क असतात, आणि ते खाचेतल्या बारीक पात्यांना टेकून राहतात. वर्षभर ऊन-थंडीने पट्टी इवलीशी फुगते आणि आक्रसते, धूळ बसते, कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याची खारी दमट हवा त्यांत शिरते, आणि संपर्क दुबळा होतो. यंत्र चालू असेपर्यंत हे कळत नाही. वीज जाऊन यंत्र गार पडले आणि पुन्हा पहिल्यापासून परीक्षा द्यायची वेळ आली, की तेव्हा उघडे पडते. विजेवर आळ येतो, पण दोष आधीपासून वाढत आलेला असतो. पट्टी काढून संपर्कांवर खोडरबर फिरवायचा आणि टिचकी बसेपर्यंत ती पुन्हा दाबायची, हा शाळेच्या दप्तरातून दुकानाच्या टेबलावर आलेला उपाय आहे. तो बहुधा लागू पडतो, पण त्याचे श्रेय रबराइतकेच काढून पुन्हा बसवण्यालाही आहे, कारण त्या घर्षणानेच संपर्क स्वच्छ होतो. खरखरीत रबर जोराने फिरवल्यास मुलामा उतरतो, म्हणून मऊ कापडावर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन पुसणे अधिक बरे. विदर्भातल्या कोरड्या हवेत धोका निराळा असतो. तेथे अंगावर साचलेली स्थिर वीज बोटातून पट्टीत उतरून तिला निकामी करू शकते, म्हणून पेटीच्या धातूला आधी हात लावावा आणि मगच आत हात घालावा.

मदरबोर्डवर सीआर २०३२ या नावाची एक बॅटरी असते. २० मिलिमीटर व्यासाची आणि ३.२ मिलिमीटर जाडीची, तिच्या नावातच तिचे माप आलेले आहे. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ते घड्याळ सेकंदाला ३२,७६८ कंपने करणाऱ्या स्फटिकावर चालते, आणि हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणून तो निवडला गेला. अनेक मदरबोर्डांवर बायोसमध्ये केलेल्या निवडीही याच बॅटरीच्या आधारे टिकतात. बॅटरी थकली असेल किंवा विजेच्या झटक्यात त्या निवडींत गोंधळ झाला असेल, तर यंत्र परीक्षेच्या मध्येच अडकते. प्लग काढून ती बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवली की निवडी मूळपदावर येतात. त्यानंतर मात्र धीर धरावा लागतो. डीडीआर-५ जातीची रॅम असलेला नवा संगणक निवडी पुसल्यावर पहिल्यांदा सुरू होताना त्या स्मृतीशी जुळवून घेण्यात काही मिनिटे घालवू शकतो, आणि त्या काळात पडदा काळाच असतो. घाबरलेला मालक नेमका तेव्हाच बटण दाबून यंत्र पुन्हा बंद करतो, आणि जुळवणी पहिल्यापासून सुरू होते. योग्य अनुपलब्धीच्या अटींत डोळा आणि उजेड यांच्या जोडीला काळही धरावा लागतो, हे येथे दिसते.

एवढ्यानेही पडदा उजळला नाही तर तर्काची दुसरी रीत हाती घ्यावी लागते. तिला आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक म्हणतात : हे असेल तर ते असते हा अन्वय, आणि हे नसेल तर ते नसते हा व्यतिरेक. हार्डडिस्क, जादा कार्डे, यूएसबीला लटकलेली उपकरणे सगळी सोडवून केवळ प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि एसएमपीएस एवढ्यांवर यंत्र चालवून पाहावे, आणि मग एकेक भाग परत जोडत जावे. जो जोडताच पडदा काळा होतो, तो दोषी. शंका असलेल्या भागाच्या जागी चांगला माहीत असलेला भाग लावून पाहणे हीही त्याच रीतीची शाखा होय. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वर्षानुवर्षे बसलेल्या कारागिराचे खरे भांडवल म्हणजे कपाटात ठेवलेला, चालतो याची खात्री असलेला एसएमपीएस, रॅमची एक पट्टी आणि एक ग्राफिक्स कार्ड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम तो कोणत्याही प्रयोगशाळेइतक्या कडकपणे पाळतो. जो घाईने रॅमही बदलतो, बॅटरीही काढतो आणि केबलही फिरवतो, त्याचे यंत्र कदाचित चालू होते, पण काय बिघडले होते हे त्याला कधीच कळत नाही, आणि पुढच्या वळवाला तो पुन्हा तेथेच उभा असतो. या कारागिरांचे ज्ञान कोणत्याही अभ्यासक्रमाने नीट टिपून ठेवलेले नाही, ही मराठी तंत्रशिक्षणातली मोठी उणीव आहे.

प्रतिबंधाबद्दल थोडे. ‘स्पाइक गार्ड’ नावाने विकल्या जाणाऱ्या पट्टीत उसळी शोषून घेणारा एक घटक असतो. तो प्रत्येक धक्क्यागणिक झिजतो, म्हणून जुनी पट्टी ही पुष्कळदा नुसती जोडपट्टी उरलेली असते. त्याच्या कामाचा मोठा भाग अर्थिंगवर अवलंबून असतो, आणि पुष्कळ घरांत तिसऱ्या मोठ्या भोकामागे तारच जोडलेली नसते. पेटीच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ते अर्थिंग नसल्याचे चिन्ह समजावे, कारण एसएमपीएसच्या गाळणीतले कपॅसिटर अशा वेळी पेटीला दाबाच्या जवळजवळ निम्म्यावर नेऊन ठेवतात. घरगुती यूपीएसमधली १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी काही वर्षांत थकते आणि ती थकल्याचे वीज जाईपर्यंत कळत नाही. वीज गेली की मुख्य बटण बंद करावे आणि ती परतून दहा मिनिटे स्थिर राहिल्यावर ते चालू करावे, हा उपाय या सगळ्या साधनांहून स्वस्त आणि अधिक भरवशाचा आहे.

काळ्या पडद्यासमोरच्या माणसाची भीती मात्र यंत्राची नसते. तालुक्याच्या गावी डीटीपीचा व्यवसाय करणाऱ्याकडे वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंकांची पाने युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये साठलेली असतात. शाळेच्या कारकुनाकडे निकाल असतात. एखाद्या वृद्ध लेखकाकडे कोठेही न छापलेले हस्तलिखित असते. हे सारे हार्डडिस्कवर असते, आणि पडदा काळा राहण्यामागची जी कारणे वर आली, त्यांतले जवळजवळ एकही हार्डडिस्कला स्पर्श करीत नाही. ती सोडवून दुसऱ्या संगणकाला जोडली की मजकूर बहुधा जसाच्या तसा मिळतो. हे ठाऊक नसल्यामुळे पेटीसकट सगळे भंगारात दिले जाते, आणि ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले असूनही, त्या पेटीतले शिसे कोठे जाते आणि त्या तबकडीवरचा मजकूर कोणाच्या हाती पडतो, याची चौकशी देणारा करीत नाही.

म्हणून यंत्र दुरुस्तीला देताना पावतीवर ‘नो डिस्प्ले’ एवढेच लिहून घेऊ नये. यंत्र परत घेताना कोणता भाग काढून पाहिला, कोणता बदलून पाहिला आणि त्यानंतर पडद्यावर काय दिसले, हे त्याच पावतीच्या मागे कारागिराकडून लिहून घ्यावे, आणि मदरबोर्ड गेला असे सांगण्यात आले तर तो कोणत्या परीक्षेत गेला हे नम्रपणे विचारावे. चांगला कारागीर हा प्रश्न विचारल्यावर रागावत नाही, खुर्ची पुढे करतो आणि झाकण उघडून दाखवतो.